स्वल्प हिंसेचा प्रश्न

नाशिक शहराच्या पूर्वेस, नंदिनी नदी गोदावरीस मिळते त्या टाकळी गावी समर्थ रामदासांनी सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात बारा वर्षे तपश्चर्या केली आणि तेथून प्रस्थान ठेवण्यापूर्वी गोमयाच्या मारुतीची स्थापना केली, असे संप्रदायाची परंपरा सांगते. शहराच्या पश्चिमेस, त्र्यंबकेश्वराच्या वाटेवर, अंजनेरीचा डोंगर आहे. हनुमंताचा जन्म तेथला, अशी या भागातील लोकांची श्रद्धा आहे, आणि किष्किंधा व तिरुमला येथील लोकांचाही तोच दावा असला तरी त्या वादात पडण्याचे येथे प्रयोजन नाही. टाकळीपासून फार दूर नाही असे, नाशिकरोडच्या बाजूस, गांधीनगरचे विमानक्षेत्र आहे, आणि तेथे २००३ पासून भूसेनेच्या विमान-शाखेची, म्हणजे आर्मी एव्हिएशन कोअरची, लढाऊ वैमानिक घडविणारी शाळा चालते. चेतक आणि चीता या तेथील लहान हेलिकॉप्टरांचा आवाज नाशिककरांच्या इतका अंगवळणी पडला आहे की त्यासाठी मान वर करून पाहणारा विरळाच. परंतु बलोपासना, आकाशगमन आणि शस्त्र या तिन्ही गोष्टी ज्या गावाच्या शिवारात एकत्र नांदतात, त्या गावाने तरी एक जुना प्रश्न नव्याने विचारावयास हवा, असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे.

तो प्रश्न असा. आकाशमार्गाने, थोडक्या बळानिशी, शत्रूच्या मुलखात शिरावे, नेमून दिलेले एकच कार्य साधावे आणि उजाडण्यापूर्वी परत फिरावे, या पद्धतीच्या कामगिरीस आजच्या युद्धशास्त्रात विशेष मोहीम म्हणतात, आणि लहान हेलिकॉप्टर हे तिचे आवडते वाहन आहे. मोठी सैन्ये हलवून शहरेच्या शहरे बेचिराख करण्यापेक्षा चार माणसांनी जाऊन एका अपराध्यास धरून आणणे अथवा ठार करणे हे अधिक सौम्य, अधिक विवेकी आणि म्हणून अधिक धर्म्य होय, असे आज सर्व राष्ट्रांचे धुरीण मानतात, व सामान्य जनही ते निःशंकपणे मान्य करतात. हिंसा थोडी असली म्हणजे ती धर्म्य होते काय? की थोडेपणामुळे तिचे परीक्षण करण्याची आपली सवयच सुटत जाते? या प्रश्नाचे उत्तर सोपे नाही, आणि ते शोधण्यापूर्वी ज्या वाहनाविषयी आपण बोलत आहोत त्याची थोडी ओळख करून घेणे उचित होईल.

चीता हे यान मूळचे फ्रेंच. हिमालयातील उत्तुंग ठाण्यांसाठी भारतीय सेनेने केलेल्या मागणीवरूनच त्याचा आराखडा तयार झाला, १७ मार्च १९६९ रोजी ते प्रथम आकाशात चढले, आणि पुढे हिंदुस्थान एरोनॉटिक्स या सरकारी कंपनीने परवाना घेऊन ते बंगळूर येथे बांधले. त्याचे रिते वजन सुमारे एक टन. त्यात वैमानिकासह पाच माणसे बसतात, तीही सपाटीवर. जसजसे उंच जावे तसतशी हवा विरळ होते, इंजिनाची शक्ती घटते, पात्यांना रेटण्यास हवाच अपुरी पडू लागते, आणि मग माणूस न्यावा की इंधन, इंधन न्यावे की रॉकेलचा डबा, असा हिशेब किलोकिलोने करावा लागतो. २१ जून १९७२ रोजी झाँ बुले या फ्रेंच वैमानिकाने याच जातीचे यान १२,४४२ मीटर उंचीवर नेले, आणि तेथे त्याचे इंजिन बंद पडले. तो जिवंत खाली आला. हेलिकॉप्टर खाली येऊ लागले की खालून वर येणारी हवाच पाती फिरवीत राहते. वैमानिकाने क्षणार्धात पात्यांचा कोन उतरवून ती गती राखली, आणि ती साठवून ठेवून अगदी जमिनीलगत एकदाच खर्ची घातली, तर इंजिनावाचूनही यान सुखरूप टेकते. यास ऑटोरोटेशन म्हणतात, आणि हेलिकॉप्टर चालविणाऱ्या प्रत्येक शिकाऊ वैमानिकास ते पुन्हा पुन्हा गिरवावे लागते. या शिक्षणाचे मर्म संयमात आहे. शक्ती गेली असता घाबरून दांडा वर ओढावा असे अंगातील प्रत्येक स्नायू सांगत असतो, आणि जो तसे करतो त्याच्या पात्यांची गती मरते. उंची गमावण्याचे धैर्य ज्याच्या अंगी आहे तोच वाचतो. विशेष मोहिमेच्या वैमानिकाविषयी लोकांच्या मनात धाडसी, बेदरकार पुरुषाचे जे चित्र असते त्याच्याशी या विद्येचा मेळ बसत नाही. आता तर ते चित्र पुरुषाचेच राहिलेले नाही. २५ मे २०२२ रोजी कॅप्टन अभिलाषा बराक या सेनेच्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक म्हणून याच नाशिकच्या शाळेतून बाहेर पडल्या.

भूसेनेच्या या विमान-शाखेचे मूळही ध्यानात घेण्यासारखे आहे. तोफखान्याच्या माऱ्याचा नेम आकाशातून पाहून सुधारून द्यावयाचा, हे काम करणारी हवाई निरीक्षणाची पथके प्रथम तोफखान्याच्याच अंमलाखाली होती, आणि १ नोव्हेंबर १९८६ रोजी त्यांतून स्वतंत्र कोअर निर्माण झाली. देवळालीस तोफखान्याची शाळा असल्यामुळे नाशिक परिसराचा या वंशावळीशी संबंध आहे. म्हणजे पाहणे हा या शाखेचा आद्य धर्म. दहा हजार मीटरांवरून बाँब टाकणाऱ्यास खालचे गाव नकाशावरील ठिपका भासतो. झाडांच्या शेंड्यांलगत उडणाऱ्या लहान हेलिकॉप्टरातील माणसास अंगणात धावणारे मूल दिसते. ज्यास दिसते त्याची जबाबदारी न दिसणाऱ्याहून अधिक, हे कोणत्याही न्यायासनापुढे मान्य होईल.

आता थोडेपणाच्या बाजूने जे बोलता येते ते पूर्ण सामर्थ्याने मांडले पाहिजे, कारण ते क्षुल्लक नाही. फेब्रुवारी १९४५ मधील ड्रेस्डेन आणि त्याच वर्षीच्या ६ ऑगस्टची हिरोशिमा ज्या शतकाने पाहिली, त्या शतकातील मनुष्यास मोजक्या माणसांची मोहीम हा मानवतेचा विजय वाटला तर त्यास दोष देता येणार नाही. महाराष्ट्रास तर याचे उदाहरण बाहेरून आणावे लागत नाही. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री शिवाजी महाराज निवडक माणसांनिशी लाल महालात शिरले, शाहिस्तेखानाची बोटे तुटली, त्याचा पुत्र अबुल फतेह मारला गेला, आणि जे कार्य खुल्या मैदानात सहस्रावधी माणसांच्या रक्तानेही झाले असते की नाही याची शंका आहे, ते एका रात्रीत झाले. खान पुढे बंगालच्या सुभ्यावर पाठविला गेला. आपला मुलूख वर्षानुवर्षे तुडविला जात असता, बळात आपण शतपट उणे असता, राजाने स्वतः जोखीम पत्करून केलेली ही मसलत अधर्म्य होती असे म्हणण्याची छाती कोणास व्हावी असे मला वाटत नाही. परंतु अंधारातील त्या झटापटीत जनानखान्यातील काही स्त्रियाही दगावल्या, असे तत्कालीन इंग्रजी पत्रव्यवहारात नमूद आहे, आणि महाराजांवर निस्सीम प्रेम करणाऱ्याने ते वाक्य वाचताना डोळे मिटून घेऊ नयेत. अंधार हा थोडक्यांचा मित्र खरा, पण तो हाताला ओळख पटू देत नाही.

महाभारतकारांनी या प्रश्नाची दुसरी बाजू सौप्तिकपर्वात इतक्या निर्दयपणे उभी केली आहे की तिच्यापुढे आधुनिक युक्तिवाद फिके पडतात. युद्ध संपले आहे, दुर्योधन मांडी मोडून पडला आहे, कौरवांकडे उरलेत अवघे तीन वीर. वनातील वटवृक्षाखाली कृप आणि कृतवर्मा झोपी गेले असता जागा असलेला अश्वत्थामा पाहतो की एक घुबड आवाज न करता आकाशातून उतरते आणि फांद्यांवर निजलेल्या कावळ्यांचा संहार करते. त्या पक्ष्यास तो गुरू करतो. कृपाचार्य त्यास अडवितात. रात्र जाऊ दे, धृतराष्ट्र, गांधारी आणि विदुर यांचा सल्ला घेऊ, मग ठरवू, असे विनवितात. अश्वत्थाम्याजवळ सबळ कैफियत होती, हे विसरता कामा नये: त्याच्या पित्यास असत्य सांगून निःशस्त्र करण्यात आले होते. तरीही त्या रात्री त्याने निजलेल्या धृष्टद्युम्नास, द्रौपदीच्या पाच पुत्रांस व इतर अनेकांस मारिले, आणि जे दोघे त्यास परावृत्त करू पाहत होते तेच दाराशी उभे राहून पळणाऱ्यांस कापीत होते. तीन माणसे, एक रात्र, अचूक योजना, पूर्ण यश. संख्येच्या काट्यावर तोलले तर कुरुक्षेत्राच्या अठरा दिवसांतील कोणत्याही दिवसापेक्षा ही हिंसा थोडीच ठरेल, आणि तरीही भारतीय मनाने त्या तिघांस कधी क्षमा केली नाही. थोडेपणा हा धर्म्यतेचा निकष नव्हे, याचा याहून स्पष्ट पुरावा मला ठाऊक नाही.

थोडेपणा टिकतोच असेही नाही. ३ ऑक्टोबर १९९३ रोजी सोमालियातील मोगादिशू शहरात एका सरदाराचे काही साथीदार पकडण्यासाठी अमेरिकेने जी मोहीम काढली, तीत लिटल बर्ड या अगदी लहान हेलिकॉप्टरांचा उपयोग झाला. त्यांच्या दोन्ही बाजूंच्या फळ्यांवर उघड्यावर बसून सैनिक गेले होते. अल्पावधीत उरकण्याचे ते काम दुसऱ्या दिवसाच्या सकाळपर्यंत लांबले, दोन मोठी हेलिकॉप्टरे पाडली गेली, १८ अमेरिकी सैनिक पडले, आणि त्या शहरातील मेलेल्या माणसांची गणना शेकड्यांनी झाली. त्याच झुंजीत एका लिटल बर्डच्या वैमानिकांनी अरुंद गल्लीत यान उतरवून जखमी सोबत्यांस उचलून नेले, ही गोष्टही तितकीच खरी आहे, आणि यंत्राच्या अंगी स्वतःचे पाप-पुण्य नसते असे म्हणणाऱ्यांस ती आधारभूत वाटेल. मला तो युक्तिवाद अर्धाच पटतो. जे साधन हाती असल्यामुळे एरवी मनातही न आलेली गोष्ट सहजसाध्य वाटू लागते, ते साधन निर्णयाच्या बाहेर उभे राहिलेले नसते.

आपल्याकडील सर्वांत मोठे उदाहरण रक्तपाताशिवाय सुरू झाले, म्हणून ते अधिक बोधप्रद आहे. १३ एप्रिल १९८४ रोजी, कालिदासाच्या काव्याचे नाव धारण करणाऱ्या मेघदूत मोहिमेत, कॅप्टन संजय कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखालील चौथ्या कुमाऊँ पलटणीच्या तुकडीस चीता हेलिकॉप्टरांनी थोडी थोडी माणसे करून सियाचीनच्या बिलाफोंड खिंडीत, सुमारे ५,४५० मीटर उंचीवर, नेऊन उतरविले. प्रतिपक्ष तेथे पोहोचण्यापूर्वी खिंड ताब्यात आली. वैमानिकांचे कौशल्य आणि जवानांची सहनशक्ती यांस तोड नाही, आणि हे लिहिताना माझे मन अभिमानाने भरून येते. परंतु एका सकाळी चढविलेली ती माणसे खाली उतरविता आली नाहीत. त्यांच्या जागी दुसरी आली, त्यांच्या जागी तिसरी, आणि चार दशके उलटून गेली तरी ते ठाणे चालूच आहे. तेथे गेलेल्या जिवांपैकी बहुतेक गोळीने गेले नाहीत; थंडीने, विरळ हवेने, हिमलोटांनी गेले. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सोनम ठाण्यावर कोसळलेल्या हिमाखाली मद्रास रेजिमेंटच्या एकोणिसाव्या बटालियनचे दहा जवान गाडले गेले. या हिंसेचा कर्ता कोण म्हणावा? शत्रूने मारिले असे म्हणता येत नाही, निसर्गाने मारिले असे म्हणून हात झटकता येत नाहीत. खिंड सोडावी असे मी म्हणत नाही. तो निर्णय करण्याचे ज्ञान मजपाशी नाही. अल्पबळाने केलेल्या कृत्याची फळे अल्प असतील असे गृहीत धरणे ही तात्त्विक चूक आहे, एवढेच मी म्हणतो.

मग अंजनेरीच्या त्या पुत्राकडे वळावे. त्याची लंकेतील कामगिरी ही आमच्या साहित्यातील आदर्श मोहीम: एकटा जातो, आकाशमार्गाने जातो, मांजराएवढे रूप धरून रात्री नगरीत शिरतो, हेराचे, दूताचे आणि योद्ध्याचे अशी तिन्ही कामे एका फेरीत करतो. वाल्मीकींनी त्याचा पराक्रम वर्णिला आहेच, पण तिकडे आपले जितके लक्ष जाते तितके त्याच्या मनातील चौकशीकडे जात नाही. रावणाच्या अंतःपुरात निजलेल्या स्त्रियांमधून सीतेचा शोध घेत फिरताना तो मध्येच थबकतो आणि परस्त्रियांना त्यांच्या निद्रिस्त अवस्थेत पाहिल्याने आपल्या हातून धर्मलोप तर घडला नाही ना, याचा विचार करू लागतो. शत्रूच्या घरात, प्राण मुठीत असता, उजाडण्याची घटका जवळ येत असता! इंद्रियांना चालविणारे मनच होय आणि आपले मन विचलित झालेले नाही, असा निवाडा तो स्वतःपुरता करतो आणि मगच पुढे जातो. त्याच शय्यागृहात रावण गाढ निजलेला आहे. त्यास तो हात लावीत नाही. दूताने निजलेल्या राजाला मारणे हे त्याच्या कामगिरीच्या हद्दीबाहेर होते, आणि हद्द ओळखणे हेच त्याच्या व अश्वत्थाम्याच्या रात्रीतील अंतर आहे.

पुढे अशोकवनात तो सीतेस पाठीवर बसवून परत नेण्याची तयारी दाखवितो, आणि ती नकार देते. तिच्या कारणांत पातिव्रत्याचे कारण आहे, रामाने स्वतः येऊन रावणास जिंकावे हे आहे. पण अत्यंत व्यवहारी असेही एक कारण आहे: सशस्त्र राक्षस पाठीस लागले असता तू त्यांच्याशी लढशील की मला सांभाळशील, मी समुद्रात पडले तर काय, पुन्हा त्यांच्या हाती सापडले तर काय? आकाशातून येणाऱ्या सुटकेच्या प्रत्येक मोहिमेत ज्याची सुटका करावयाची त्याचा जीव कसा टांगणीस लागतो, हे एका बंदिवान स्त्रीने जितके स्पष्ट सांगितले तितके सेनापतींच्या बैठकीतही क्वचितच सांगितले जात असेल. आणि हनुमान ते ऐकतो. आपल्या सामर्थ्याचा अपमान झाला असे त्यास वाटत नाही.

लंका जाळल्यानंतरचा प्रसंग तर मला या साऱ्या प्रश्नाचा गाभा वाटतो. शेपटाची आग समुद्रात विझविल्यावर त्यास एकाएकी आठवते की आपण नगरीच पेटविली, मग जानकी वाचली असेल कशी? विजयाच्या त्या क्षणी तो स्वतःस दूषणे देऊ लागतो, क्रोधाच्या भरात आपण हे काय करून बसलो म्हणून तळमळतो, प्राणत्यागापर्यंत त्याचा विचार जातो. आणि जानकी सुरक्षित आहे असे आकाशातील चारणांचे बोलणे कानी पडते तेव्हाच त्यास धीर येतो. सीता वाचली, पण म्हणून त्याचा पश्चात्ताप अनाठायी ठरत नाही. तो झाला नसता तर सीता वाचणे हा केवळ योगायोग उरला असता. कोणीही त्यास जाब विचारलेला नव्हता. रामाच्या दरबारात त्याचे कौतुकच व्हावयाचे होते. ज्याच्या बळास बाहेरून कोणी आवर घालू शकत नाही, त्याने तो आतून घालावा, हीच त्याची खरी सिद्धी, आणि टाकळीस ज्या दैवताची उपासना झाली ते दैवत मी या अर्थाने समजतो.

गांधीनगरपासून काही मैलांवर त्रिरश्मी पर्वतावर पांडवलेणी आहेत. तेथील तिसऱ्या लेण्यात सातवाहन राजमाता गौतमी बलश्री हिचा प्राकृत शिलालेख आहे. तो तिच्या नातवाच्या, वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या, कारकिर्दीच्या एकोणिसाव्या वर्षी कोरला गेला. आपल्या पुत्राची, गौतमीपुत्र सातकर्णीची, थोरवी गाताना ही वृद्ध माता सांगते की त्याने शक, यवन, पह्लव यांचा नाश केला आणि क्षहरातांचा वंश निर्मूल केला. आणि त्याच लेखात ती असेही सांगते की अपराधी शत्रूच्याही प्राणहिंसेची त्यास रुची नव्हती. ही दोन्ही विशेषणे एकाच दगडावर आहेत. पहिल्या वाचनात हा विरोध मला दरबारी स्तुतीचा शिथिलपणा वाटे. आज मला त्यात एक कठोर कसोटी दिसते. राज्य चालविणाऱ्यास हिंसा करावी लागेल हे ती माता नाकारीत नाही. तिने पुत्रासाठी हक्क सांगितला तो एवढाच, की त्याने हिंसेची चव घेतली नाही.

या कसोटीस आजचा समाज उतरतो काय? सैनिकांविषयी मी हे विचारीत नाही. ज्यांनी मृत्यू जवळून पाहिला त्यांच्या तोंडी मला क्वचितच आस्वादाची भाषा ऐकू आली. विचारतो ते आम्हां घरी बसलेल्यांविषयी. एखाद्या रात्रीच्या मोहिमेची वार्ता आली की दूरचित्रवाणीवर तिच्या कल्पित चित्रफिती फिरू लागतात, सीमेपलीकडे किती मेले याचे आकडे क्रीडास्पर्धेच्या गुणांप्रमाणे वाढत जातात, काही महिन्यांत चित्रपट निघतो, आणि जे कृत्य करणाऱ्याने अनिच्छेने केले ते पाहणारा रुचीने चाखतो. महायुद्धात घराघरातील मुलगा जात असे, म्हणून त्याचे दुःख व त्याचा विचार घराघरात होता. विशेष मोहिमेत चार माणसे जातात. आम्हांस ती ठाऊक नसतात, पुष्कळदा त्यांची नावेही जाहीर होत नाहीत. हिंसा स्वल्प झाली तशी तिची चिंता करणारी माणसेही स्वल्प झाली. सहस्रांनी वाटून घेतलेला भार त्या चौघांच्या खांद्यावर येतो, आणि ज्यांच्या नावाने हुकूम सुटतो ते नागरिक मात्र भारमुक्त होतात. कृपाचार्यांनी मागितली होती ती एका रात्रीची मुदत आणि वडीलधाऱ्यांचा सल्ला, या दोन गोष्टी लोकशाहीत आमच्याच प्रतिनिधींनी द्यावयाच्या असतात. आधी गुप्ततेमुळे देता आल्या नाहीत तर मागाहून तरी, मोहीम यशस्वी झाली असली तरीही.

आणखी एक हिशेब आहे, तो या सर्वांहून साधा. ज्या चीताने बिलाफोंड गाठली त्याचा आराखडा आज अर्ध्या शतकाहून जुना आहे. आधुनिक यानांत असणारी पुष्कळ साधने त्यात नाहीत. १६ मार्च २०२३ रोजी अरुणाचल प्रदेशात मंडालाजवळ एक चीता कोसळले आणि त्यातील दोन्ही अधिकारी गेले. अशा अपघातांची मालिका त्यापूर्वीही होती, आणि ही याने बदलावीत म्हणून वैमानिकांच्या पत्नींनी सरकारदरबारी दाद मागितली होती. त्या यानांची जागा घेणारे देशी बनावटीचे हलके हेलिकॉप्टर ६ सप्टेंबर २०१६ रोजी प्रथम उडाले, त्यासाठी तुमकूर येथे कारखानाही उभा राहिला. तथापि जुनी याने अद्याप सेवेत आहेत. परक्या मुलखातील शत्रूच्या प्राणांविषयी धर्मविचार करणाऱ्या समाजाने, जे प्राण आपण आपल्याच हुकमाने जुनाट यानात बसवून पाठवितो त्यांचा विचार आधी केला पाहिजे, कारण तेथे शत्रूकडे बोट दाखविण्याची सोय नाही. गांधीनगरच्या शाळेतून दरवर्षी तरुण मुले-मुली छातीवर पंख लावून बाहेर पडतात. कोणत्या यानात, कोणत्या कामासाठी आणि कोणाच्या जबाबदारीवर त्यांस पाठविले जाते, हे संसदेत विचारण्यास नाशिकच्या लोकप्रतिनिधींस कोणताही कायदा आड येत नाही.